कापूस काट्यावर चढण्यापूर्वी: शहरातील व्यापाऱ्याचे न्यायालयीन व पोलीस रेकॉर्ड कसे तपासावे

सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या आरंभीची पूजा, होऊन पहिल्या वेचणीचा कापूस घरात आला की खेडा खरेदीची वाहने गावोगाव फिरू लागतात. अंगणात काटा लागतो, माल गाडीत भरला जातो आणि शेतकऱ्याच्या हाती थोडी रोख रक्कम, उरलेल्या पैशांचा धनादेश किंवा नुसताच पुढच्या आठवड्याचा वायदा पडतो. व्यापारी नागपूरचा किंवा अमरावतीचा असतो आणि गावाशी त्याची ओळख एका दलालापुरतीच असते. माझ्या शेजाऱ्याचा २२ क्विंटल कापूस असाच गेला आणि धनादेश न वटता परत आला. त्यानंतर मोबाईलवर शोध घेतला, तेव्हा त्याच व्यापाऱ्याविरुद्ध शेजारच्या जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात तशाच चार केसेस आधीपासून चालू असल्याचे दिसले. ही माहिती माल भरण्यापूर्वीही खुली होती आणि ती पाहायला एक रुपयाही लागत नव्हता, ही गोष्ट मला आजही सलते. हा शोध कसा घ्यावा, ते येथे क्रमाने सांगत आहे. शहरातून येणारा ट्रॅक्टरचालक, मजूर नेणारा मुकादम किंवा जमिनीचा ग्राहक यांच्याबाबतही हीच रीत उपयोगी पडते.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. नाव टाकले की माणसाचा सगळा गुन्हेगारी इतिहास समोर येईल, अशी सर्वसामान्यांसाठी खुली असलेली एकही सरकारी यादी भारतात नाही. पोलिसांची सीसीटीएनएस नावाची देशव्यापी संगणकप्रणाली आहे, परंतु गुन्हेगारांविषयीची तिच्यातील माहिती पोलिसांच्याच वापरासाठी आहे. आपल्याला पाहता येतात त्या दोन गोष्टी: न्यायालयांतील केसेसची स्थिती आणि पोलीस ठाण्यांत नोंदवलेले बहुतेक एफआयआर. हे दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी शोधावे लागते.

आधी खरे नाव मिळवावे

गावात व्यापारी ‘सेठ’ किंवा ‘भाऊ’ या नावानेच ओळखला जातो आणि त्या नावाने कोणत्याही न्यायालयात काही सापडत नाही. त्याच्या पावतीवर जीएसटी क्रमांक असल्यास तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावरील करदाता शोधण्याच्या सोयीत टाकावा. तेथे फर्मचे व्यापारी नाव आणि कायदेशीर नाव दोन्ही दिसतात. फर्म एकट्याच्या मालकीची असेल, तर कायदेशीर नावाच्या जागी बहुधा मालकाचेच नाव असते. पूर्वी कोणाला त्याचा धनादेश मिळाला असेल, तर त्यावरील खातेदाराचे नावही उतरवून घ्यावे. वडिलांचे नाव आणि शहरातील राहण्याचा भाग समजला तर फार उत्तम, कारण पुढे एकाच नावाची पाच माणसे समोर येतात तेव्हा त्याच दोन गोष्टी कामी पडतात.

कोणत्या न्यायालयात शोधावे

शोध चुकतो तो बहुतेक वेळा येथे. व्यापारी नागपूरचा म्हणून लोक फक्त नागपूरचे न्यायालय तपासतात आणि तेथे काही नाही म्हणून निर्धास्त होतात. परंतु धनादेश न वटल्याची केस, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खालील केस, आरोपीच्या गावी चालत नाही. २०१५ मध्ये या कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, ज्याने धनादेश आपल्या खात्यात वटवायला टाकला त्याचे खाते ज्या शाखेत आहे, त्या शाखेवर अधिकार असलेल्या न्यायालयात ती दाखल होते. याचा सरळ अर्थ असा की, नागपूरच्या व्यापाऱ्याने राळेगाव, हिंगणघाट, वरोरा आणि वणी तालुक्यांतील शेतकऱ्यांना बुडवले असेल, तर त्याच्या केसेस राळेगाव, हिंगणघाट, वरोरा आणि वणीच्या न्यायालयांत विखुरलेल्या असतील आणि नागपुरात कदाचित एकही नसेल. म्हणून तो व्यापारी आपल्या गावाआधी कोणत्या भागात माल घेत होता, हे दलालाला विचारून ते सर्व तालुके शोधात धरावेत आणि त्याचे राहते शहर त्यांना जोडावे.

ई-कोर्ट्सवर नावाने शोध

तालुका व जिल्हा न्यायालयांच्या केसेस ई-कोर्ट्स सेवेवर दिसतात. संकेतस्थळाचा पत्ता सर्व्हिसेस डॉट ईकोर्ट्स डॉट जीओव्ही डॉट इन असा आहे आणि याच सेवेचे मोबाईल ॲपही आहे. ‘केस स्टेटस’ उघडून राज्य महाराष्ट्र, मग जिल्हा, मग न्यायालय संकुल निवडावे. यवतमाळ जिल्हा निवडला की वणी, पुसद, दारव्हा, केळापूर अशी संकुले वेगवेगळी दिसतात आणि एका वेळी एकाच संकुलात शोध होतो. त्यानंतर पक्षकाराच्या नावाचा पर्याय घ्यावा, नावाची किमान तीन अक्षरे आणि वर्ष टाकावे, प्रलंबित व निकाली अशा दोन्ही केसेस निवडाव्यात आणि चित्रातील अक्षरे भरून शोध द्यावा. वर्ष बदलून हाच शोध मागच्या पाच-सहा वर्षांसाठी पुन्हा घ्यावा. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण अर्ध्या तासात होते.

नावाचे स्पेलिंग हा यातील मोठा अडथळा आहे. केस नोंदवताना ज्याने जसे लिहिले तसेच ते संगणकात राहते. वानखडे हे आडनाव कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने, आणि ‘खडे’चे ‘खेडे’ही होते, चौधरीत शेवटी आय येतो किंवा वाय, उईकेच्या शेवटी वाय लागतो किंवा लागत नाही. म्हणून पूर्ण नाव कधीही टाकू नये. आडनावाची सुरुवातीची तीन-चार अक्षरे टाकावीत, यादी मोठी आली तर ती नजरेखालून घालावी आणि मग पहिल्या नावाच्या अक्षरांनी तोच शोध पुन्हा घ्यावा. तिसऱ्या वेळी फर्मचे नाव टाकावे, कारण धनादेशाच्या केसेसमध्ये अनेकदा फर्मच पहिली आरोपी असते आणि मालकाचे नाव तिच्यामागे येते.

एखादी केस हाती लागली की तिचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक लिहून ठेवावा. त्यातील पहिली चार अक्षरे राज्य व जिल्हा सांगतात, पुढील दोन अंक न्यायालय सांगतात, त्यानंतरचे सहा अंक केसचा क्रमांक आणि शेवटचे चार वर्ष असते. पुढे कधीही हा एक क्रमांक टाकला की नाव, जिल्हा काही न निवडता थेट तीच केस उघडते.

केसचे पान कसे वाचावे

केसच्या प्रकाराचे आद्याक्षर पहिल्यांदा पाहावे. आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी केस, एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त फौजदारी केस, आणि धनादेशाच्या केसेस प्रामुख्याने याच प्रकारात सापडतात. आर.सी.एस. हा दिवाणी दावा असतो, त्यात गुन्ह्याचा संबंध नसतो; धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादासाठी आरोपी शोधणाऱ्यांनी हा फरक विसरू नये. खाली कायदा व कलम दिलेले असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे जुन्या व नव्या केसेसमध्ये एकाच गुन्ह्याची कलमे वेगळी दिसतील: फसवणुकीसाठी भादंविचे, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाचे, कलम ४२०, तर नव्या संहितेचे ३१८ (४), विश्वासघातासाठी पूर्वीचे ४०६, आता ३१६ (२). त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांच्या केसेस जुन्याच कलमांखाली चालतात.

त्यानंतर पेश्यांचा, म्हणजे सुनावणीच्या तारखांचा, इतिहास पाहावा, कारण माणूस कसा वागतो ते येथे दिसते. प्रत्येक पेशीच्या तारखेवर बोट ठेवले की त्या दिवशीचे कामकाज उघडते. माझ्या शेजाऱ्याच्या व्यापाऱ्याच्या एका केसमध्ये ओळीने सात पेश्या समन्स बजावले गेले नाही म्हणून पुढे गेल्या होत्या आणि नंतर वॉरंट निघाले होते. तो माणूस मधल्या काळात गावोगाव कापूस भरत फिरत होता. केस निकाली निघाली असेल, तर निकाल कसा लागला तेही दिलेले असते: दोषसिद्धी, निर्दोष मुक्तता, तडजोड किंवा केस काढून घेतली. तडजोडीने पैसे परत करून मिटवलेली एक जुनी केस आणि वॉरंटवर थांबलेल्या चार केसेस यांचे वजन सारखे नाही.

आणि येथेच थांबून माणूस तोच आहे का, याची खात्री करावी. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे होत नाही. माझ्या ओळखीतील एका मुलीचे ठरत आलेले लग्न, मुलाच्या नावावर मारहाणीची केस दिसली म्हणून मोडले. ती केस दुसऱ्या तालुक्यातील त्याच नावाच्या, वयाने वीस वर्षांनी मोठ्या माणसाची होती. पानावर वडिलांचे नाव, गाव किंवा पोलीस ठाणे असते ते ताडून पाहावे, निकालपत्र किंवा आदेश उपलब्ध असल्यास तो उघडून त्यात दिलेले वय व पत्ता वाचावा. माणूस तोच निघाला तरी चालू केस हा केवळ आरोप आहे. त्या पानाचे छायाचित्र गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार ओढवून घेणारेही ठरू शकते.

एफआयआर

न्यायालयात अजून न पोहोचलेले प्रकरण पाहायचे असेल, तर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ हा विभाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकणे पोलिसांवर बंधनकारक आहे. लैंगिक अत्याचार आणि बालकांविषयीच्या गुन्ह्यांचे एफआयआर तेथे नसतात आणि नसावेतही. शोधताना नागपूर शहर आणि नागपूर ग्रामीण, तसेच अमरावती शहर आणि अमरावती ग्रामीण ही पोलिसांची वेगवेगळी घटके आहेत हे लक्षात ठेवून दोन्ही तपासावीत. दोषारोपपत्र मात्र तेथे शोधू नये. ते संकेतस्थळावर टाकण्याची सक्ती करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

नोकरीवर ठेवायचा चालक किंवा राखणदार असेल, तर त्यालाच पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र आणायला सांगणे अधिक सरळ आहे. हा अर्ज ज्याचा त्याने करायचा असतो, आपण दुसऱ्याच्या नावाने करू शकत नाही.

जुन्या केसेस आणि नकला

संगणकीकरणापूर्वी निकाली निघालेल्या अनेक केसेस ऑनलाइन सापडत नाहीत. त्यासाठी न्यायालयात जावे लागते आणि तेथेही जिल्ह्यांच्या विभाजनाचा विचार करावा लागतो: गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरपासून, वाशिम १९९८ मध्ये अकोल्यापासून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या प्रकरणाची चौकशी मूळ जिल्ह्यातही करावी. अपील किंवा जामिनाचे प्रकरण वरच्या न्यायालयात गेले असेल, तर ते मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर नागपूर खंडपीठ निवडून शोधावे. विदर्भाचे अकराही जिल्हे त्याच खंडपीठाखाली येतात.

सही-शिक्क्याची नक्कल हवी असल्यास न्यायालयाच्या नक्कल विभागात केस क्रमांकासह अर्ज व शुल्क भरावे. पक्षकार नसलेल्या व्यक्तीला नक्कल का हवी याचे कारण द्यावे लागते. माहिती अधिकाराचा अर्ज येथे उपयोगाचा नाही, कारण न्यायालयीन कागद न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनुसारच घ्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ठरवले आहे. गावात रेंज नसेल किंवा मोबाईलवर हे जमत नसेल, तर न्यायालयाच्या आवारात ई-सेवा केंद्र असल्यास तेथील कर्मचारी केसची स्थिती काढून देतात आणि त्या माहितीचे पैसे लागत नाहीत.

शोध झाला की कोणत्या न्यायालयात, कोणत्या वर्षांसाठी आणि कोणत्या तारखेला पाहिले, हे वहीत लिहावे. दिवाळीआधी घेतलेला शोध संक्रांतीनंतरच्या वेचणीला पुरत नाही. मधल्या दोन-तीन महिन्यांत परतलेल्या धनादेशांच्या केसेस तोवर नोंदल्या गेलेल्या असतात, म्हणून दुसऱ्यांदा माल देण्यापूर्वी तेवढ्या तालुक्यांचा चालू वर्षाचा शोध पुन्हा घ्यावा.