कॅल्शियमच्या पुढे ‘एच’ दिसला तर काय करायचं (पॅराथायरॉइडची गाठ)

आमच्या मामीला तीन वर्षांत दोनदा मूतखडा झाला, डिचोलीत जो भेटेल तो कुळथाचं कढण नाहीतर पानफुटी सांगायचा, आणि हाडं दुखतात, सारखं दमायला होतं हे सगळं वयावर ढकललं. चवथीच्या साफसफाईत जुन्या रिपोर्टांची पिशवी हाती लागली तर कॅल्शियम एकदा 11.2, एकदा 11.4, शेजारी बारीक ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त), कोणाचं लक्षच नाही!

तर असं दिसलं की आधी कॅल्शियम परत करा, सोबत अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), आणि त्याच रक्तातून पीटीएच, म्हणजे मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं कॅल्शियम वाढवणारं हार्मोन. त्याच रक्तातून हे महत्त्वाचं, कारण दोन्ही आकडे एकत्रच वाचायचे असतात. कॅल्शियम चढलं की पीटीएच खाली बसायला हवं. मामीचं आलं 58, लॅबची रेंज 15 ते 65, म्हणून कागदावर नॉर्मल, पण चढलेल्या कॅल्शियमसोबत 58 म्हणजे नॉर्मल नव्हेच. इथेच बरेच जण फसतात.

बीपीची थायाझाइडवाली गोळी, लिथियम, केसांसाठीचं बायोटिन, काय चालू असेल ते डॉक्टरला आधीच सांगा. पुढे डी व्हिटॅमिन, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि लघवीतलं कॅल्शियम मोजायला 24 तासांची लघवी. सकाळची पहिली टाकून द्यायची, मग दुसऱ्या दिवशीच्या पहिलीपर्यंत सगळी कॅनमध्ये, एकही चुकवायची नाही. तो कॅन मांडीवर धरून मी कदंबा बसने पणजीला गेलोय, झाकण घट्ट बघून घ्या बाबा.

सोनोग्राफी, सेस्टामिबी स्कॅन हे गाठ कुठे आहे ते शोधायला, आहे की नाही ते रक्तच सांगतं, त्यामुळे स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून फाईल बंद करू नका. आणि गाठ म्हटलं की घरात रडारड नको, या पॅराथायरॉइड ग्रंथी चार, तांदळाच्या दाण्याएवढ्या, त्यातली बहुतेक वेळा एकच बिघडते आणि कॅन्सर फारच क्वचित.

तोवर पाणी भरपूर प्या. दूध बंद करू नका, पण हाडं दुखतात म्हणून मनाने कॅल्शियमच्या गोळ्याही नकोत.

ऑपरेशन ठरलं तर सर्जनला सरळ विचारा, वर्षाला अशी किती करता? घरी आल्यावर ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम खाली गेलेलं असू शकतं, सकाळची वाट न बघता रात्रीच फोन करा. आणि सहा महिन्यांनी कॅल्शियम परत, ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा.