डार्क कार्टून बघून हादरलात? कमेंट टाकायच्या आधी हे करून बघा

मी ड्रॉइंगचे क्लास घेते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं असतात आणि काही मोठी, आर्टला ॲडमिशन घ्यायची तयारी करणारी. मागच्या महिन्यात मोठ्यांच्या ग्रुपवर एकाने एक जुनं ब्रिटिश कार्टून टाकलं, गोया या स्पॅनिश चित्रकाराच्या प्रसिद्ध चित्रावरून केलेलं, एक उघडा म्हातारा बाळाला खातोय, आणि दहा मिनिटांत ग्रुप पेटला. एक म्हणतोय किळसवाणं आहे डिलीट कर, दुसरा म्हणतोय जबरदस्त, आणि एका मुलीला तो माणूस कोण हेच माहीत नव्हतं पण रागाचा इमोजी तिने टाकून झाला होता. मग त्या दिवशी क्लासला पेन्सिली बाजूला ठेवल्या आणि दोन तास ते एकच कार्टून घेऊन बसलो. तेव्हा जे जे केलं ते इथे लिहितेय, असं काही तुमच्या फोनवर आलं तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी मूळ चित्र शोधा आणि ते नीट बघा, म्हणजे खरंच पाच मिनिटं बघा, अंगठ्याने वर सरकवायचं नाही. आमच्या केसमध्ये मूळ चित्र होतं फ्रान्सिस्को गोयाचं, सॅटर्न नावाचा देव स्वतःच्या मुलाला खातोय ते. गोष्ट रोमन-ग्रीक पुराणातली, तुझं पोरच तुला खाली खेचणार अशी भविष्यवाणी होते म्हणून बाप एकेक पोर गिळत सुटतो. आपल्याला ही गोष्ट कळायला वेळ लागत नाही कारण आपल्याकडे कंस आहे, तोही भविष्यवाणीलाच घाबरला होता, फक्त इथे मामाच्या जागी बाप आहे. गोयाने 1819 मध्ये माद्रिदजवळ एक घर घेतलं आणि पुढच्या चारेक वर्षांत त्या घराच्या भिंतींवरच 14 काळीकुट्ट चित्रं काढली, त्यातलं हे एक. तोवर त्याला ऐकू येणं बंद होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, वय सत्तरीच्या पुढे, ही चित्रं त्याने कुणाला दाखवायला काढली नव्हती आणि त्यांना नावंही दिली नाहीत, सॅटर्न हे नाव नंतरच्या लोकांनी दिलं. 1874 नंतर ती भिंतीवरून कॅनव्हासवर उतरवली गेली आणि आता माद्रिदच्या प्राडो म्युझियममध्ये आहेत.

हे सगळं मुलांना सांगितलं पण खरा फरक पडला तो डोळे बघून. त्या म्हाताऱ्याचे डोळे बघा, खाणाराच घाबरलेला आहे. प्राडोतच रुबेन्सचंही याच गोष्टीवरचं चित्र आहे, 1636 चं, त्यातला सॅटर्न थंडपणे चावतो, गोयाचा तसा नाही. आणि दुसरी गोष्ट एका मुलाच्याच लक्षात आली, की गोयाच्या चित्रात हातात धरलेलं शरीर तान्ह्या बाळाचं नाहीये, डोकं नाही, एक हात नाही, पण अंगाची ठेवण मोठ्या माणसाची आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वहीचं पान मधोमध आखा, डावीकडे लिहायचं कार्टूनवाल्याने काय तसंच ठेवलं, उजवीकडे काय बदललं. कार्टून डेव्ह ब्राऊन या ब्रिटिश व्यंगचित्रकाराचं, दि इंडिपेंडंट या पेपरात 27 जानेवारी 2003 ला छापलेलं. डावीकडे आलं: उघडं शरीर, वाकलेली पोझ, तोंडात मांस, अंधार. उजवीकडची यादी मोठी झाली: सॅटर्नच्या जागी इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान एरियल शेरॉन, मागे हेलिकॉप्टरमधून प्रचार चाललाय, कमरेला लज्जा झाकायला त्यांच्याच लिकुड पक्षाला मत द्या असं सांगणारी रिबीन, आणि मोठ्या शरीराच्या जागी लहान बाळ. खाली एक वाक्य, त्याचा अर्थ असा की काय झालं, राजकारणी बाळांचे पापे घेताना कधी बघितला नाही का. प्रचारात नेते दिसेल ते पोर उचलून फोटो काढतात हे आपल्याकडेही रोजचंच, त्यामुळे वाक्य लगेच कळलं. कोपऱ्यात गोयाचं ऋणही लिहिलेलं आहे. तर चित्रकाराचं स्वतःचं म्हणणं नेहमी उजव्या कॉलममध्ये सापडतं, डावा कॉलम उसना आहे, म्हणून चिडायचं असेल किंवा वा म्हणायचं असेल तर उजव्या कॉलमवर बोट ठेवून म्हणा.

मग तारीख बघा, ही पायरी लोक हमखास गाळतात कारण स्क्रीनशॉटवर तारीख नसते. 28 जानेवारी 2003 ला इस्रायलमध्ये निवडणूक होती, म्हणजे कार्टून मतदानाच्या आदल्या दिवशीचं, पॅलेस्टिनी भागात दुसरा इंतिफादा, म्हणजे इस्रायलविरुद्धचा पॅलेस्टिनींचा उठाव, चालू, गाझात लष्करी कारवाई चालू, हे एक. पण 27 जानेवारी ही तारीख अजून कशाची आहे? 1945 मध्ये याच दिवशी नाझींची आउशवित्झची छळछावणी मुक्त झाली आणि ब्रिटनमध्ये 2001 पासून हा दिवस ज्यूंच्या वंशसंहाराच्या स्मरणाचा म्हणून पाळतात. आता त्या सकाळी एखाद्या ज्यू घरात हा पेपर उघडला गेला असेल तर काय वाटलं असेल याचा विचार करा. माझ्या क्लासमध्ये हे सांगितल्यावर जबरदस्त म्हणणारा मुलगा बराच वेळ काही बोलला नाही.

यानंतरचं काम सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, दुसऱ्याला त्याच कागदावर कुठलं चित्र दिसलं हे शोधायचं. कारण सगळ्यांना गोया दिसत नाही. युरोपात बाराव्या शतकापासून, इंग्लंडमध्ये 1144 ला नॉरिच गावात एक मुलगा मेला तिथपासून, ज्यू लोक ख्रिश्चन मुलांना मारतात, आणि पुढे पुढे तर त्यांचं रक्तही वापरतात, अशी खोटी कंडी पिकवली गेली, तिच्यापायी कितीतरी ज्यू माणसं मारली, जाळली, आणि नाझींनी 1930 च्या दशकात तेच आपल्या पेपरांत पुन्हा छापलं. ज्याच्या आजीने हे भोगलंय त्याला ज्यू पंतप्रधान बाळ खाताना दिसला की आधी ती कंडी आठवणार, गोया नंतर. आणि गोयाच्या चित्रात नसलेलं बाळ इथे आलंय, म्हणून ती आठवण अजून घट्ट होते. उलट ज्याने त्या महिन्यांत टीव्हीवर गाझातल्या मुलांची प्रेतं बघितली होती त्याला त्या कार्टूनमध्ये एका सत्ताधाऱ्याच्या धोरणावरची टीका दिसली. दोघेही खोटं बोलत नाहीयेत.

प्रत्यक्षात काय झालं तर इस्रायली दूतावासाने तक्रार केली, पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या ब्रिटनच्या प्रेस कम्प्लेंट्स कमिशनने ती फेटाळली. त्यांचं म्हणणं साधारण असं की गोयाच्या चित्रात किंवा त्या पुराणकथेत ज्यूविरोधी काही नाही आणि छापताना प्रत्येक शक्य अर्थ संपादकाने धरावा ही अपेक्षा जास्त आहे. पुढे ब्रिटनच्या पॉलिटिकल कार्टून सोसायटीने त्यालाच 2003 चं सर्वोत्तम कार्टून ठरवलं, त्यावर पुन्हा राग उसळला. माझं मत विचाराल तर नियमाच्या बाजूने कमिशन बरोबर होतं, बंदी घालणं चूकच झालं असतं. पण छापायची मुभा आहे म्हणून दुखावलेल्याचं दुखणं खोटं ठरत नाही, ते दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ऑनलाइन भांडणात नेमके हेच दोन एकत्र कालवले जातात. आणि ते बाळ काढताना चित्रकाराने अजून थांबायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर व्यंगचित्रकार असीम त्रिवेदीचं घ्या. तिथे पेंटिंग नाही, सारनाथच्या स्तंभावरून घेतलेली राजमुद्रा होती, त्याने सिंहांच्या जागी तोंडातून रक्त गळणारे लांडगे काढले. रिअ‍ॅक्शन थेट पोलिसांत गेली आणि 2012 मध्ये मुंबईत त्याला राजद्रोहाच्या तेव्हाच्या कलमाखाली अटक झाली. 2015 मध्ये मुंबई हायकोर्टाने स्पष्ट केलं की सरकारवर टीका करणाऱ्या शब्दांना किंवा चित्रांना, हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अशांततेचा हेतू नसेल तर, हे कलम लावता येत नाही. इथेही पान आखून बघा, सिंह गेले, लांडगे आले, खालचं वाक्य बदललं, आणि मग ठरवा की तुमचा राग मुद्रा बदलल्याचा आहे की लांडगा म्हणून कुणाला म्हटलंय त्याचा.

आता लिहायला बसा. मी मुलांना तीन वाक्यांचं बंधन घालते. पहिल्यात मला काय दिसलं, दुसऱ्यात ते बघून मला काय आठवलं, तिसऱ्यात कुठली एक गोष्ट पटली किंवा खटकली. चित्रकाराच्या डोक्यात काय होतं हे लिहायचं नाही, ते आपल्याला माहीत नसतं, त्याने स्वतः कुठे सांगितलं असेल तर तेवढंच. विकृत, बिनडोक, देशद्रोही असले शब्द टाकायचे नाहीत, ते लिहिले की समोरचा तुमचं पुढचं वाचतच नाही. फॉरवर्ड करणार असाल तर सही आणि कोपऱ्यातली ओळ कापू नका, तारीख टाका, मूळ चित्राचा फोटो सोबत जोडा, आणि ग्रुपमध्ये लहान मुलं असतील तर चित्र न टाकता आधी दोन ओळीत काय आहे ते सांगा आणि हवं असेल त्याला पर्सनलवर पाठवा.

रागाचा इमोजी टाकणाऱ्या मुलीने त्या दिवशी शेवटी लिहिलं ते तिला विचारून देतेय: मला एक म्हातारा बाळाला खाताना दिसला, मला लहानपणी कॅलेंडरवर बघितलेला देवकीचं बाळ शिळेवर आपटणारा कंस आठवला, आणि मला त्या बाळाला चेहराच नाही हे खटकलं. इमोजी तिने काढला नाही. पण तिने त्या खाली हे लिहिलं आणि जबरदस्त म्हणणाऱ्याने तिला उत्तर द्यायच्या आधी गोयाचं चित्र परत उघडून बघितलं.