क्रिप्टॉप्सवर लिहिताय? या चुका टाळा

क्रिप्टॉप्स हा मांसाहारी डायनासॉर अख्खा सापडलाय असं समजू नका. ही चूक मी इतक्यांदा दुरुस्त केली आहे की आता लेख हातात आला की आधी तीच शोधतो.

नायजरमधल्या सहारात गदूफावा नावाची जागा आहे. तिथल्या जीवाश्मांवरून 2008 मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ पॉल सेरेनो आणि स्टीफन ब्रुसाटे यांनी 'क्रिप्टॉप्स पॅलिऑस' हे नाव दिलं. त्या नावाचा खरा मालक, म्हणजे ते नाव ज्या नमुन्याला बांधलेलं आहे तो, वरच्या जबड्याचं एक हाड. कंबर, काही मणके आणि बरगड्या हे सगळं त्या जबड्यापासून 15 मीटरच्या आत मिळालं, म्हणून त्याच प्राण्याचं धरलं गेलं. 2012 मध्ये मॅथ्यू कॅरानो आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की ही कंबर कार्कारोडोंटोसॉरस या दुसऱ्या मोठ्या मांसाहारी डायनासॉरच्या गोतावळ्यातली दिसते. म्हणजे जबडा एकाचा, कंबर दुसऱ्याची.

एका दिवाळी अंकासाठी एका तरुण चित्रकाराने क्रिप्टॉप्सचं दोन पानी चित्र केलं होतं. रेखाटन सुरेख, खाली लांबीही छापलेली. मी विचारलं, "लांबी कशावरून काढलीस?" तो म्हणाला, "सगळीकडे तीच दिलीय, काका." ती लांबी त्या कंबरेसकट धरलेल्या सांगाड्याची होती. अंक छपाईला जायला चार दिवस उरले होते. आम्ही आकडा काढून टाकला आणि चित्रात फक्त डोकं ठेवलं. पोरगा हिरमुसला, पण चुकीचं छापण्यापेक्षा ते बरं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. कोऱ्या कागदावर प्राण्याची बाह्यरेषा काढायची आणि सापडलेली हाडं तेवढी लाल पेन्सिलने रंगवायची. कुठलं हाड नावाचं आणि कुठलं नुसतं शेजारी सापडलेलं, तेही लिहायचं. अर्धा तास जातो. तेवढाही धीर नसेल तर अर्धवट सापडलेल्या प्राण्यांच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. नावाचा अर्थ 'झाकलेला चेहरा', 'लपलेला प्राणी' नव्हे; जबड्याच्या हाडावर बारीक खड्डे आणि चऱ्या आहेत, त्यावरून चेहऱ्यावर कडक आवरण असावं असं मानलं गेलं.

मूळ वर्णनात त्याला अबेलिसॉरिड या मांसाहारी डायनासॉरांच्या कुळात ठेवलं होतं. आपल्या नर्मदा खोऱ्यातला राजासॉरसही त्याच कुळातला, म्हणून त्या कुळाचे आखूड हात उचलून इथे चिकटवू नका. क्रिप्टॉप्सचे हात सापडलेलेच नाहीत.

आणि मागे वाळूच्या टेकड्या काढू नका. सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वी तिथे नद्या आणि पूरमैदानं होती, सुकोमिमस आणि नायजरसॉरस हे डायनासॉर तिथेच वावरायचे.