जमिनीखालच्या खडकाचा ताण काढताय? या चुका टाळा

अंकलेश्वर-मेहसाण्याकडच्या तेलविहिरींवर कामाला लागलेल्या आपल्या धुळे-नंदुरबारच्या पोरांचे फोन मला अधूनमधून येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो. "सर, लॉगवरून ताण काढला, आकडा बरोबर वाटतोय, तरी मड लॉस होतोय." लॉग म्हणजे विहिरीत उपकरण सोडून खोलीनुसार घेतलेली मोजमापं. मड म्हणजे खोदताना विहिरीत फिरवतात तो चिखलासारखा द्रव. त्याचा दाब जास्त झाला की खडक फाटतो आणि मड त्यात निघून जातं, तोच मड लॉस. चूक शोधायला बसलं की ती ठरावीक जागीच सापडते.

सगळ्यात महागात पडणारी चूक मी स्वतः केली आहे. केसिंग (विहिरीतला पोलादी पाइप) सिमेंट झाल्यावर शूखाली, म्हणजे त्याच्या खालच्या टोकाखाली, थोडा ताजा खडक खोदून लीक-ऑफ टेस्ट घेतात. पंप हळू चालवायचा, दाबाची रेघ सरळ वर चढते, मग किंचित वाकते. तिथे मड खडकात शिरायला लागलेलं असतं. पुढे पंपिंग चालू ठेवलं तर शिखर येतं आणि दाब एकदम कोसळतो, कारण खडक फुटला. मी त्या शिखराचा आकडाच किमान ताण (खडकावरचा सगळ्यात कमी आडवा दाब) म्हणून दिला होता. पण शिखरात खडकाची स्वतःची ताकद आणि भोकाभोवती गोळा झालेला ताण हे दोन्ही मिसळलेले असतात. खरा आकडा पंप बंद केल्यावर मिळतो. दाब उतरत असताना फट मिटते आणि रेघेचा उतार बदलतो. तो बदल वेळेच्या वर्गमुळावर आलेख काढला की स्पष्ट दिसतो, आणि तिथला दाब म्हणजे किमान ताण. माझ्या आकड्यावर मडचं वजन ठरलं, आणि त्या रात्री टाकीतली मडची पातळी इंचाइंचाने खाली जाताना मी बघत उभा होतो. तेव्हापासून शक्य असेल तिथे फट एकदा उघडून-मिटवून थांबू नका, दोन-तीन वेळा करा. मिटण्याचा दाब प्रत्येक वेळी जवळपास तोच आला, तरच तो आकडा लिहा.

गेज वर बसवलेला असेल तर त्याच्या आकड्यात खालपर्यंतच्या मडच्या स्तंभाचा दाब मिळवायचा असतो, हेही घाईत राहून जातं. विहीर तिरकी असेल तर खोली उभी धरायची, पाइपची लांबी नाही.

आता लॉगवरून किमान ताण काढायच्या सूत्राकडे. वरच्या थरांच्या भारातून छिद्रदाब (खडकाच्या छिद्रांतल्या द्रवाचा दाब) वजा करायचा, उरलेल्याला पॉयसन रेशो भागिले (एक वजा रेशो) याने गुणायचं आणि छिद्रदाब परत मिळवायचा. पॉयसन रेशो म्हणजे दाबल्यावर खडक बाजूला किती फुगतो त्याचं प्रमाण. 2000 मीटर खोलीवर सरासरी घनता पाण्याच्या 2.3 पट धरली तर वरच्या थरांचा भार साधारण 45 मेगापास्कल होतो. छिद्रदाब 20 आणि पॉयसन रेशो 0.25 घेतला तर किमान ताण 28.3 येतो. रेशो 0.30 केला की 30.7. मडच्या भाषेत, म्हणजे तेवढा दाब देणाऱ्या मडच्या घनतेत, 1.44 आणि 1.56, आणि एवढ्यात विहीर टिकते किंवा मड जातं. सॉनिक लॉगवरचा रेशो ध्वनिलहरींचा असतो. कोअर (विहिरीतून काढलेला खडकाचा नमुना) दाबून प्रयोगशाळेत मिळालेल्या रेशोशी तो जुळतोच असं नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय सूत्रात घालू नका. शिवाय हे सूत्र खडक बाजूला हललाच नाही असं धरून चालतं, प्लेटच्या आडव्या रेट्याचा हिशेब त्यात नाही. म्हणून लॉगवरची रेघ मोजलेल्या निदान एका बिंदूवर बसवल्याशिवाय मी ती कोणाला देत नाही.

घनतेतही घोळ होतो. आपल्या शेतातला काळा दगड 2.8 ते 2.9 चा. खंबातच्या खोऱ्यात तेलाचे थर ह्याच दगडाच्या तळावर बसले आहेत, पण वरची माती-चिकणमाती खूप हलकी आहे. वरच्या टप्प्यात लॉग नसतो म्हणून सगळीकडे एकच घनता ओढू नका.

दिशा काढताना तर आपला प्रदेशच फसवतो. नंदुरबार-धुळे पट्ट्यात शेतांमधून भिंतीसारख्या पूर्व-पश्चिम पसरलेल्या टेकड्या दिसतात. ते डाईक, म्हणजे भेगांत गोठलेला लाव्हा. लाव्हा वर येताना खडक जिकडे सोपं पडेल तिकडे उघडला, म्हणजे तेव्हा किमान ताण उत्तर-दक्षिण होता. पण ही गोष्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. आज भारतीय प्लेट हिमालयाला रेटते आहे आणि द्वीपकल्पात बऱ्याच ठिकाणी कमाल आडवा ताणच उत्तर ते ईशान्य दिशेला आहे. जुन्या भेगांवरून आजची दिशा सांगितली तर ती नव्वद अंशांपर्यंत चुकू शकते.

विहिरीतून दिशा काढताना ब्रेकआउट (ताणामुळे भोकाच्या समोरासमोरच्या भिंती झडलेली जागा) पाहा, पण तो किमान ताणाकडे बोट दाखवतो, कमाल ताणाकडे नाही. साडेआठ इंची बिटच्या भोकात कॅलिपरच्या (भोकाचा व्यास मोजणाऱ्या उपकरणाच्या) हातांची एक जोडी साडेआठच दाखवते आणि दुसरी जास्त, तर ब्रेकआउट असू शकतो. दोन्ही जोड्या जास्त दाखवत असतील तर तो वॉशआउट (सगळीकडून झिजलेलं भोक), त्यावरून दिशा काढू नका. तिरक्या विहिरीत पाइप घासूनही एका बाजूला खाच पडते, तीही वगळा.

जुन्या क्षेत्रात शेजारच्या विहिरीचा दहा-वीस वर्षांपूर्वीचा आकडा उचलायची सवय असते. उत्पादनाने छिद्रदाब 10 मेगापास्कलने उतरला असेल, तर वरच्याच सूत्राने किमान ताणही साडेसहाच्या आसपास खाली येतो. नवी विहीर त्या थरात शिरण्याआधी आजचा छिद्रदाब मोजून घ्या आणि मडचं वजन त्यावरून ठरवा.