आधी कान, मग जीभ: स्पीच थेरपीत या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्याला माझं छोटं क्लिनिक आहे, अठरा वर्षं झाली. बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी) करून आलेली नवी मुलं-मुली माझ्याकडे काही महिने बसतात, मग घोडबंदर रोडला किंवा ऐरोली-कोपरखैरण्याला स्वतःचं काही सुरू करतात. पालक तर रोजच भेटतात. दोघांच्या चुका बऱ्याचदा एकच असतात, कारण दोघांनाही घाई असते. त्याच त्या गोष्टी तोंडी सांगून थकले, म्हणून आता लिहून ठेवते आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कानाची ताजी तपासणी न करता थेरपी सुरू करणं. ही मी स्वतः केलेली आहे.

प्रॅक्टिसचं तिसरं वर्ष होतं. कोलशेतहून साडेचार वर्षांचा एक मुलगा यायचा. ‘सात’ला ‘तात’, शब्दांची शेवटची अक्षरं गिळलेली. आईने फाईल आणली होती, तीत दोन वर्षांचा असतानाचा बेरा होता (आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते मोजणारी श्रवण तपासणी), ‘दोन्ही कान नॉर्मल’. मी फाईल बंद केली आणि ‘स’वर काम सुरू केलं. मंगळवार, शुक्रवार, पाच महिने. एखाद्या आठवड्यात छान जमायचं, पुढच्या आठवड्यात सगळं पुसलेलं. मी नोंदवहीत लिहीत राहिले, ‘लक्ष कमी’. आई एकदा सहज म्हणाली होती, ‘मॅडम, सर्दी झाली की हा बहिराच होतो हो.’ ते मी ऐकलं आणि सोडून दिलं.

जूनमध्ये एके दिवशी मी त्याच्याकडे पाठ करून कपाटातून खेळणी काढत होते आणि म्हटलं, ‘ती बस दे मला.’ तो हलला नाही. वळून तेच वाक्य त्याच आवाजात म्हटलं, त्याने लगेच बस दिली. पाच महिने तो माझे ओठ वाचत होता आणि मी त्याला ‘लक्ष दे’ म्हणत होते. त्याच दिवशी टिम्पॅनोमेट्रीला, म्हणजे कानाचा पडदा किती हलतो ते मोजणाऱ्या तपासणीला, पाठवलं. दोन्ही कानांचा आलेख सपाट, बी टाईप. पडद्यामागे पाणी. ईएनटी डॉक्टरांनी तीन महिने वाट पाहिली, पाणी हटेना, मग पडद्यात ग्रोमेट, म्हणजे बारीक नळ्या, घातल्या. त्यानंतर ‘सात’ यायला आठ आठवडे लागले.

बेरा खोटा नव्हता. तो त्या दिवसापुरता खरा होता. शिवाय क्लिक आवाजावर केलेला बेरा मुख्यतः दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्याबद्दल सांगतो, सगळ्या सुरांबद्दल नाही. पडद्यामागे पाणी साचलं की साधारण २५-३० डेसिबलचं नुकसान होतं. मूल दाराची बेल ऐकतं, ट्रकचा हॉर्न ऐकतं, म्हणून घरच्यांना वाटतं ऐकू येतंय. पण ‘स’, ‘फ’ आणि शब्दांची शेवटची टोकं त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. जे ऐकू येत नाही ते जिभेवर कुठून येणार? आणि आपल्याकडे पावसाळाभर मुलांचं नाक वाहतं, त्यामुळे आज मोकळा असलेला कान महिन्याने तसा असेलच असं नाही.

माझा नियम आता साधा आहे. रिपोर्ट सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर आधी तपासणी, मग पुढचं बोलू. मधे मोठी सर्दी झाली तर पुन्हा टिम्पॅनोमेट्री. ‘मॅडम, पेशंट निघून जाईल,’ असं नवी मुलं म्हणतात. जाऊ दे. नवजात बाळांसाठी जगभर मानला जाणारा १-३-६ चा हिशेब तर घरोघरी पाठ असायला हवा: पहिल्या महिन्यात श्रवण तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू.

दुसरी चूक शिट्ट्यांची. हिचा मला खरोखर राग येतो.

वर्तकनगरचे एक वडील आले, सोबत पाच वर्षांची मुलगी आणि एक कापडी पिशवी. पिशवीत शिट्ट्या, फुगे, वेगवेगळ्या जाडीचे स्ट्रॉ, बुडबुड्यांची बाटली, थरथरणारा ब्रश. आधीच्या ठिकाणी चौदा महिने रोज अर्धा तास हे चाललं होतं. ‘जिभेत ताकद नाही’ असं सांगितलेलं. मुलगी मेणबत्ती दोन फुटांवरून विझवायची. पण काकाला ‘ताता’ आणि गाडीला ‘दादी’ म्हणायची, चौदा महिन्यांपूर्वी म्हणायची तस्सं.

‘क’ कसा होतो ते बघा. जिभेचा मागचा भाग उचलून मऊ टाळूला टेकतो, हवा अडते, सुटते. शिट्टी फुंकताना हे काहीच होत नाही. ओठ आवळतात, छातीतून हवा येते. बोलायला लागते ती ताकद आपल्या जिभेच्या एकूण ताकदीचा लहानसा हिस्सा असते. तिथे नेम लागतो, वेळ साधावी लागते. आणि ते कौशल्य बोलण्यातच बसतं. सायकल शिकायची तर सायकलवर बसावं लागतं, मांड्यांचे व्यायाम करून तोल येत नाही. २०१५ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने अशा व्यायामांचा आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणारे अवघे तीन अभ्यास मिळाले, त्यांत मिळून २२ मुलं, आणि या व्यायामांनी उच्चार सुधारतात असा भक्कम पुरावा काही मिळाला नाही. तरी दुकानात ‘ओरल मोटर किट’ म्हणून तोंडाच्या व्यायामाचं हे सामान विकलं जातं आणि क्लिनिकच्या शेल्फवर ते छान दिसतं. पालकांना काहीतरी घडतंय असं वाटतं, थेरपिस्टचा अर्धा तास भरतो.

त्या मुलीला मी पहिल्या दिवशी सतरंजीवर उताणं झोपवलं. झोपल्यावर जीभ आपोआप मागे सरते. घोटभर पाण्याच्या गुळण्या, मग पाण्याशिवाय तसाच घशातला आवाज, मग ‘अक्’. तिसऱ्या भेटीत ‘अक्’ स्वच्छ आला. मग ती उठून बसली आणि आम्ही जोड्यांकडे वळलो. टेबलावर एक खेळण्यातली कार, एक तांब्याची तार. तिला कार हवी होती. म्हणाली, ‘ताल दे.’ मी तार दिली. रागावली. ‘ही नाई, ताल!’ मी पुन्हा तार पुढे केली. ती थांबली, कारकडे बघितलं, मान किंचित मागे टाकली आणि म्हणाली, ‘का...ल.’ कार हातात पडल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा होता. ‘र’चा ‘ल’ तसाच राहिला होता, त्याची त्या दिवशी मी पर्वा केली नाही. काप–ताप, कार–तार, गार–दार अशा जोड्या मराठीत ढीगभर आहेत. एका आवाजाने अर्थ बदलतो हे मुलाला कळणं हाच निम्मा उपचार.

माझ्या टेबलावर चिंचोक्यांची वाटी असते. एक बरा उच्चार, एक चिंचोका डब्यात. अर्ध्या तासात पन्नासच्या खाली डबा आला तर ते सत्र मी वाया गेलं समजते. नवीन थेरपिस्टच्या सत्रात मी मागे बसून मोजते, तेव्हा बऱ्याचदा बारा-पंधरा भरतात. बाकीचा वेळ स्टिकर निवडण्यात जातो.

याच रांगेतले घरगुती उपाय: वेखंड उगाळून जिभेला चोळणं, तोंडात खडे धरून बोलायला लावणं. दोन्ही सोडा. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो. ‘जीभ चिकटलीय, कापून घ्या’ हेही लगेच ऐकू नका. मूल उशिरा बोलतंय याचं कारण जिभेखालचा पडदा असणं फारच क्वचित.

इंग्रजी तक्ते. इंटरनेटवरून उच्चारांचा वयोमानाचा तक्ता छापून भिंतीवर लावला जातो. त्यात ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, ‘चमचा’तला दंत्य ‘च’ नाही, ‘ख-घ-थ-ध’ नाहीत. मराठी मुलाला त्या फूटपट्टीने कसं मोजणार? २०१८ मध्ये मॅक्लिओड आणि क्रो या संशोधकांनी २७ भाषांमधल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात बहुतेक व्यंजनं पाचव्या वर्षापर्यंत येतात असं दिसलं. एवढा अंदाज धरा आणि मराठी शब्दांची स्वतःची चित्रं बनवा. बाळ, पाणी, घोडा, ढग, झाड, शाळा. एक रविवार लागतो.

‘घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला.’ हा सल्ला देणाऱ्या शाळा आहेत, डॉक्टर आहेत आणि दुर्दैवाने आमच्याच व्यवसायातले लोकही आहेत. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही. विकार असलेल्या मुलाची एक भाषा काढून घेतल्याने दुसरी सुधारतही नाही. डाऊन सिंड्रोम आणि ऑटिझम असलेल्या मुलांमध्येही दुसऱ्या भाषेने तोटा झालेला अभ्यासांत दिसलेला नाही. आणि नुकसान काय होतं ते मी पाहिलंय. मानपाड्याच्या एका घरात मुलाला दिवसभर आजी सांभाळायची. शाळेच्या सांगण्यावरून आजीलाही इंग्रजीच बोलायला सांगितलं होतं. आजीकडे चारच शब्द होते: कम, ईट, सिट, नो. गोष्टी थांबल्या, चिऊ-काऊ थांबलं, खिडकीतून दिसणाऱ्या बसबद्दलचं बोलणं थांबलं. दिवसाचे दहा तास मूल त्या चार शब्दांवर होतं. मी आजींना म्हटलं, ‘आजी, तुम्ही तुमच्या साताऱ्याच्या मराठीत बोला, मनसोक्त.’ त्यांनी पदराने डोळे टिपले.

सारखी परीक्षा घेणं. ‘हे काय? ते काय? मॅडमना सांग, काऊ कसा करतो?’ प्रश्न अर्धे करा आणि तुम्ही बोला. टॉवरमध्ये राहणाऱ्यांना मी लिफ्टचा गृहपाठ देते. वर. खाली. दाब. दार उघडलं. आला आपला मजला. दिवसातून सहा वेळा तेच शब्द, त्याच जागी. शब्द म्हणून पाच सेकंद थांबा, मुलाकडे बघा. ते पाच सेकंद थांबणं मोठ्या माणसांना सगळ्यात जड जातं.

‘मुलगे उशिराच बोलतात, त्याचे वडीलही चार वर्षांचे होऊन बोलले.’ दोन वर्षांला पन्नास शब्द नाहीत, दोन शब्द जोडत नाही, तर दाखवा. येणारे शब्द गेले, तर कुठल्याही वयात लगेच दाखवा.

मोबाईल: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना दोन वर्षांखाली शून्याकडे झुकतात, दोन ते चारला दिवसाला जास्तीत जास्त एक तास. जेवताना तर नाहीच.

तोतरं आणि बोबडं यांत गल्लत करू नका. ‘ताता’ म्हणणारं मूल बोबडं बोलतं, ‘क-क-क-काका’ म्हणणारं अडखळतं. दोघांचे उपचार वेगळे. अडखळणाऱ्याला ‘हळू बोल, श्वास घे, आधी विचार कर’ म्हणणं थांबवा, वाक्य त्याच्या तोंडातून काढून घेऊ नका. लहान मुलांसाठी सिडनीत तयार झालेल्या लिडकम्ब पद्धतीची चाचणी २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली, तिचे निकाल चांगले आहेत. पण ती आई-वडिलांना शिकवून घरी करायची असते आणि दर आठवड्याला थेरपिस्टने बघायची असते. व्हिडिओ पाहून ‘छान बोललास’ म्हणत सुटणं म्हणजे लिडकम्ब नव्हे.

‘चित्रांचं ॲप दिलं तर मूल बोलायचंच नाही.’ न बोलणाऱ्याला चित्रांतून सांगता यावं म्हणून असलेल्या ॲपबद्दलची ही भीती खोटी आहे. अशा साधनांच्या २००६ मधल्या आढाव्यात, ज्यांच्याबद्दल भरवशाचा पुरावा होता त्यांच्यापैकी ८९ टक्क्यांचं बोलणं वाढलं, बाकीच्यांचं होतं तसं राहिलं, कोणाचंही घटलं नाही. आयआयटी मुंबईत बनलेलं ‘जेलो’ हे असं ॲप मराठीतही आहे. बोलणं यायची वाट बघत मुलाला दोन वर्षं मुकं ठेवू नका.

आवाज बसलेल्या शिक्षिकेचं स्वरयंत्र ईएनटी डॉक्टरांनी बघितल्याशिवाय तिला व्यायाम देऊ नका. आणि कुजबुजणं म्हणजे आवाजाला विश्रांती नव्हे.

थेरपिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) क्रमांक विचारा. १९९२ च्या कायद्याने ही नोंदणी लागते. दहा दिवसांचा ऑनलाइन कोर्स म्हणजे पदवी नव्हे. खरा थेरपिस्ट या प्रश्नाने रागावत नाही.

राहिले पक्षाघातानंतर वाचाघात झालेले, म्हणजे मेंदूला इजा होऊन ज्यांची भाषा हरवली ते. ‘सहा महिने झाले, आता काही होत नाही,’ असं अजूनही सांगितलं जातं. जर्मनीत १९ केंद्रांमध्ये १५६ जणांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सगळ्यांना वाचाघात होऊन सहा महिने किंवा त्याहून जास्त झाले होते. आठवड्याला दहा तास किंवा अधिक, असे तीन आठवडे थेरपी दिली, आणि रोजच्या बोलण्यात फरक पडला. आठवड्यातून एकदा पाऊण तास येऊन ‘गुण येत नाही’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब बघावा.

इथे घरच्यांची एक गल्लत नेहमी होते. ‘मॅडम, आरती अख्खी म्हणतात आणि चहा हवा की नको ते सांगत नाहीत. मुद्दाम करतात.’ मुद्दाम करत नाहीत. पाठ झालेलं, ओघात येणारं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने टिकून राहतं. हवा तो शब्द शोधून काढणं हे निराळं काम आहे. माझ्याकडे येणारे एक काका रेल्वेतून निवृत्त झालेले. मुलगी कुठे राहते विचारलं तर हात हलवायचे, डोळ्यांत पाणी. पण ‘ठाणे’ म्हटलं की सुरू: कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, एका दमात. घरचे ते रोज म्हणून घ्यायचे आणि खूश व्हायचे, तीन महिने तेच. मी नुसती यादी बंद केली. यादी सुरू करायची, पण डोंबिवलीला थांबायचं आणि मुलीचा फोटो समोर धरायचा. मग कोपरपासून सुरू करायचं. मग फक्त फोटो, आणि मी ‘डों’चा आकार नुसता ओठांनी दाखवायची. काकू रोज दुपारी घरी तेच करायच्या, सकाळी मी. चौथ्या आठवड्यात मुलगी स्वतः त्यांना घेऊन आली. मी विचारलं, ‘काका, ही कुठून आली?’ ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. काकू मदत करायला पुढे झुकल्या, मी त्यांचा हात धरला.

‘डोंबिवली,’ काका म्हणाले. मधली स्टेशनं न घेता.