जुनी फायबर कॅरव्हॅन: आधी या चुका टाळा, मग माझ्याकडे आणा

भुसावळ रोडला माझं फायबरचं काम आहे. कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, संडासाचे दरवाजे. आता वर्षाला दोन-चार जुन्या कॅरव्हॅनही येतात, म्हणजे गाडीमागे ओढायचे मुक्कामाचे डबे. कुणीतरी दहा-बारा फुटी डबा स्वस्तात उचलतो, बोलेरोच्या मागे अडकवतो आणि तोरणमाळला न्यायचा, सारंगखेड्याच्या यात्रेत मुक्काम टाकायचा, असे बेत करतो. बेत झकास. पण माझ्या दारात येईपर्यंत त्या डब्यावर जे प्रयोग झालेले असतात, ते निस्तरण्यातच माझा निम्मा वेळ जातो.

पहिला प्रयोग सिलिकॉनचा. गळतंय? मार सिलिकॉन. यावलकडच्या एका गुरुजींच्या डब्यात पलंगाच्या कोपऱ्यात पाणी यायचं. त्यांनी शेजारच्या खिडकीला तीन नळ्या सिलिकॉन भरलं. पाणी यायचं ते आलंच. मी गादी उचलून खालच्या प्लायवर अंगठा दाबला, तो आरपार गेला. खिडकीची गळती नव्हतीच. छतावरच्या झरोक्याचे दोन रिव्हेट सैल झाले होते. पाणी तिथून शिरून अस्तरामागून ओघळत कोपऱ्यात उतरत होतं. खालचं प्लाय बदलायला आठ दिवस, सिलिकॉन खरवडायला वेगळे दोन. सिलिकॉन लागलेल्या जागी ना रेझिन (फायबर जमवायचं चिकट द्रव) धरत, ना जेलकोट (वरचा गुळगुळीत थर), ना रंग. आणि पॉलिशपेपर मारला तर ते आणखी पसरतं, म्हणून आधी पात्याने खरवडायचं, मग पेपर. मी खिडकी पूर्ण उतरवून ब्युटाइल टेपवर, म्हणजे चिकट रबरी पट्टीवर, बसवतो. गळती शोधताना एक जण टॉर्च घेऊन आत, दुसरा पाइप घेऊन बाहेर, आणि पाणी खालून वर सोडत जायचं, एकेका जागी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं, कळत काहीच नाही. प्लाय टाकायचं ते आयएस ७१० मानकाचं, पाण्यात टिकणारं मरीनच. फर्निचरचं उरलंसुरलं नको.

दुसरा प्रयोग मे महिन्यातल्या दुपारचा. रावेरचा एक पोरगा, केळीचा पैसा हातात, मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिलेले. म्हटलं, संध्याकाळी ये, ऊन उतरू दे. तर म्हणे, "व्हई जाई भाऊ," म्हणजे होऊन जाईल. घरी जाऊन भर उन्हात त्याने बादलीत दोन किलो रेझिन घेतलं आणि लवकर सुकावं म्हणून हार्डनर, म्हणजे रेझिन जमवणारं द्रव, अंदाजानेच ओतलं. काचेच्या धाग्यांची पहिली मॅट भिजते न भिजते तोच बादलीतून धूर. रेझिन जमतानाच तापतं, आणि खोल भांड्यात ती उष्णता बाहेर पडायला जागा नसते. बादलीचा तळ वितळून अंगणातल्या फरशीला चिकटला, छतावरच्या ठिगळाला बोटभर रुंद तडे गेले. आई आत देवपूजा करत होती, ती तशीच उठून बाहेर पळाली.

आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा व्हिडिओतली थंड हवेची मापं इथे चालत नाहीत. मी उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला काम धरतो. एका वेळी पाव-अर्धा किलो, तेही पसरट परातीत. हार्डनर सिरिंजने मोजून, किलोला साधारण दहा मिली. त्याखाली गेलात तर कच्चं राहतं, चिकटच. कोबाल्ट (जमण्याचा वेग वाढवणारं द्रव) वेगळा येत असेल तर तो आधी रेझिनमध्ये पुरता घोटायचा, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकत्र ओतले तर भडका उडतो. डोळ्यांना चष्मा लावा, हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. आणि तड्यावर नुसती मॅट चिकटवू नका. जाडीच्या बारा पट रुंदीत उतार घासा. तीन मिलीमीटर जाड फायबरला चारही बाजूंनी जवळपास चार सेंटीमीटर. इतकं घासायला जिवावर येतं, म्हणून ठिगळं सुटतात.

आतली कपाटं "जागा खातात" म्हणून काढणाऱ्यांना काय सांगू! कॅनडात विनिपेगला १९६८ साली निघालेली तेरा फुटी बोलर कॅरव्हॅन पाहा: वरचा आणि खालचा असे दोन साचे पोटावर जोडलेले, आत लाकडी सांगाडा नाही. अशा डब्यात छताला आधार कपाटांचाच असतो. काढा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात छतावर तळं.

लायटिंगवाल्याने अर्थ, म्हणजे मायनसची वायर, बॉडीला मारलाय का बघा. फायबरमधून करंट जात नाही. प्रत्येक दिव्याला मायनसची वायर वेगळी लागते.

टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून खूश होऊ नका, बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१२ म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. त्या टायरवर मी बैलगाडीही चालवणार नाही.

बेअरिंगचं ग्रीस दरवर्षी. गॅसची नळी पाच वर्षांनी.

डब्याच्या खालच्या बाजूची हवेची जाळी उंदीर येतात म्हणून बुजवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तो खालीच साठतो. उंदरांसाठी बारीक जाळी लावा.

आणि सामान मागे कोंबू नका. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकवर हवा, नाहीतर ऐंशीच्या वेगाला डबा शेपटीसारखा हलतो. गुरुजी पाण्याचे दोन कॅन मागच्या टोकाला ठेवायचे. आता चाकांच्या जरा पुढे, पलंगाखाली ठेवतात, नव्या प्लायवर.