स्लॅबखाली खडी दिसली? आधी गिलावा थांबवा

आमच्या स्लॅबखालच्या साच्याच्या प्लेटा निघाल्या तेव्हा जिन्याजवळच्या बीमखाली हातभर जागेत नुसती खडी दिसत होती. बोट घातलं तर पेरभर आत गेलं आणि सळईला लागलं. ठेकेदार म्हणाले, "काळजी करू नका, गिलाव्यात जाईल."

गिलाव्यात ते जात नाही, फक्त झाकलं जातं. त्या पोकळीतून ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि काही वर्षांनी काँक्रीटचे पोपडे सुटतात. म्हणून पहिलं काम हेच: गिलाव्याला हात लावू देऊ नका. टेकू अजून लावलेले असतील तर तेही काढू देऊ नका.

मग मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा. हातोडीने हलकेच ठोकत जा; भरीव जागी खणखणीत आवाज येतो, पोकळ जागी बद्द. बद्द वाजेल तिथे खडूने खूण करा. स्लॅबवरच्या केसासारख्या भेगा बहुतेकदा उन्हातान्हात पृष्ठभाग भराभर सुकल्याच्या असतात, पण बीमची भेग स्वतःच्या अंदाजावर सोडू नका.

आता स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, आणि तो तुम्ही नेमलेला असू द्या, ठेकेदाराने आणलेला नको. क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे चाचणीसाठीचे ठोकळे, भरले होते का, हे ठेकेदाराला विचारा. 150 मिमीचे ते ठोकळे 28 दिवसांनी दाबून त्यांची ताकद बघतात. एम20 काँक्रीटमधलं 20 ही त्याच ताकदीची खूण. क्यूबच नसतील तर रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणारा हातोडा) आणि अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींच्या) चाचणीतून बराच अंदाज येतो.

दुरुस्तीच्या वेळी स्वतः उभे राहा. सैल काँक्रीट छिन्नीने पक्क्या भागापर्यंत काढायचं, सळई तारेच्या ब्रशने घासायची, मग इंजिनिअर सांगेल ते पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) किंवा मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं काँक्रीट) भरायचं. वरून सिमेंट फासून भागत नाही. आमच्याकडे छिन्नी लागली तशी आतून सिमेंटच्या पोत्याची चिंधी निघाली. तिचाही फोटो ठेवला.

पुढचा हप्ता दुरुस्तीनंतरच द्या. दोष, फोटो, इंजिनिअरचा अहवाल आणि मुदत हे सगळं लेखी कळवा, स्पीड पोस्टाने. तरीही टाळाटाळ झाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रारीला कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते. तोंडी आश्वासनांत ती घालवू नका.